पांढऱ्या डागाचा हिशेब

आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झालो आणि आकडे मांडण्याच्या नोकरीला लागलो. दिवसभर दुसऱ्यांच्या जमा-खर्चाच्या नोंदी तपासायच्या, संध्याकाळी वस्तीतली चार कामे पाहायची आणि रात्री घरच्या खर्चाला तोंड द्यायचे, हा आमचा वीस वर्षांचा क्रम. असे असूनही एक खर्च आमच्या वहीत कधी दिसला नाही. तो रोज नळातून घरात येत होता.

धाराशिव शहराच्या कडेला आमची वस्ती आहे. शहराला तेरणेचे आणि उजनीचे पाणी मिळते, पण आमच्याकडे ते रोज येत नाही. ते येऊन गेले की पुढचे दिवस वस्तीच्या टाकीवर काढायचे, आणि टाकीत चढते ते बोअरचे पाणी. तोटी एकच, पण कधी तिच्यातून धरण वाहते, तर कधी जमिनीच्या पोटातले पाणी. दोन्ही पाणी दिसायला स्वच्छ. त्यामुळे त्यांच्यात फरक असेल असे आमच्या मनातही आले नाही.

आमच्या आईचे वय सत्तरीच्या पुढे. गुडघे धरलेले. हिवाळ्यात पहाटे उठून ती पाणी तापवायला बसायची, ते पाहवेना. म्हणून एका दिवाळीला हप्त्यावर पंधरा लिटरचा गिझर घेतला. पहिला हिवाळा सुखाचा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात पाणी तापायला उशीर होऊ लागला. आतून फुटाणे फुटल्यासारखा आवाज यायचा. विजेचे बिल वाढले. आणि जानेवारीतल्या ऐन थंडीच्या एका सकाळी गिझर बंद पडला. हप्ते मात्र अजून दोन राहिले होते.

आम्ही पत्नीवर रागावलो. म्हणालो, "चालू ठेवून विसरत असशील. वस्तू वापरायलाही अक्कल लागते." हे वाक्य आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे. ती शांतपणे म्हणाली, "अहो, कुकर बघा, बादली बघा, नळाची तोटी बघा. सगळीकडं पांढरं बसतंय. मग गिझरच्या आत बसत नसंल का?" आम्ही ऐकले नाही. हमीचा कागद शोधला. त्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते की, पाण्यातील क्षारांमुळे झालेला बिघाड हमीत धरला जाणार नाही. दुसऱ्यांचे कागद ओळ न् ओळ वाचणाऱ्या कारकुनाने स्वतःच्या घरचा कागद वाचलाच नव्हता!

मिस्त्री आला. त्याने गिझर उघडून आतली कॉइल बाहेर काढली. बोटाएवढी कॉइल चुन्यात बुडवून काढल्यासारखी जाड, पांढरी झाली होती आणि मध्येच तडकली होती. टाकीच्या तळाशी वाटीभर पांढऱ्या खपल्या निघाल्या. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, गिझरला दोष नका देऊ. पाणी जड आहे. आम्ही दर हिवाळ्यात हेच काढत असतो."

आई ओट्यावर बसून पाहत होती. तिने एक खपली उचलली, नखाने खरवडली आणि म्हणाली, "हे व्हय! हेच माझ्या भांड्यावर बसायचं."

मग तिने जे सांगितले, ते आम्हाला अर्धेमुर्धेच माहीत होते.

आमच्या लहानपणी, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, आई तीन घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरी नवी बोअर घेतली होती. वस्तीतल्या बायांना त्या बोअरचे मोठे अप्रूप. आई स्टीलची भांडी घासून, विसळून उन्हात पालथी घालायची. वाळली की त्यांवर पांढरे ठिपके उमटायचे. मालकीणबाई म्हणायच्या, "नीट घासत नाहीस. साबण तसाच ठेवतेस." आई पुन्हा घासायची. ठिपके पुन्हा यायचे. एका महिन्यात त्यांनी पगारातून पाच रुपये कापले. वर एक वाक्य ऐकवले : "तुमच्या लोकांना स्वच्छतेची सवयच नसते."

आई म्हणाली, "मी घरी येऊन माझ्याच हाताकडं बघत बसायची. म्हणलं, हातातच काई खोट हाय का?"

आम्हाला तो काळ आठवतो. तेव्हा आम्हीही मनात म्हणायचो की, तीन घरचे काम, आई घाईत करत असेल. मालकीणबाईंचे ते बोलणे आणि सकाळचे आमचे बोलणे त्या रात्री आम्ही शेजारी शेजारी मांडून पाहिले. हिशेब तपासणाऱ्याला फरक काढता आला नाही. दोन्हीकडे दोष पाण्याचा होता आणि नावे पडला होता बाईच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन बाटल्या भरल्या. एक धरणाच्या पाण्याची, एक टाकीच्या पाण्याची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तेथे फी भरून पाणी तपासून मिळते. तपासणीची रीत पाहण्यासारखी आहे. पाण्यात एक रंगद्रव्य टाकतात, तेव्हा पाणी लालसर होते. मग दुसरे द्रावण थेंब थेंब सोडतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुरते बांधले गेले की लाल रंग जाऊन निळा येतो. किती द्रावण लागले त्यावरून कठीणपणा काढतात. आमच्या बोअरच्या पाण्याचा आकडा लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या पुढे गेला. धरणाच्या पाण्याचा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. १०५००, सन २०१२) पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच मिळत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचे पाणी 'चालवून घेण्या'च्या रांगेतले. ही रांग आपल्या लोकांना नवी नाही.

हा पांढरा पदार्थ येतो कोठून? आपला सगळा जिल्हा काळ्या पाषाणावर, म्हणजे लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. पावसाचे पाणी मुळात मऊ असते. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आंबट होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. पाणी खडकात जितका काळ राहील, तितके क्षार बहुधा वाढत जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. त्याच उन्हाळ्यात आमच्या वस्तीची जुनी बोअर आटली आणि नवी, खूप खोल बोअर घेतली. पाणी लागले म्हणून आम्ही पेढे वाटले. भांड्यांवर पांढरे वाढले ते तेव्हापासून, हे पत्नीने तेव्हाच सांगितले होते.

शाळेत आपण 'सुफेन' आणि 'दुष्फेन' पाणी शिकलो. पाठ करून गुण मिळवले आणि विसरलो. दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होत नाही, कारण साबण आधी त्या क्षारांशी लढण्यात खर्ची पडतो. त्यातून चिकट साका तयार होतो, तो कपड्यात बसतो आणि कपडे राठ, मळकट होतात. असे पाणी तापवले की त्यातल्या क्षारांचा एक भाग चुनखडीसारखा होऊन तळाशी आणि कॉइलवर बसतो. हा थर उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. कॉइल आत तापत राहते, पाणी मात्र गार. वीज जळते आणि शेवटी कॉइलही जळते.

आम्ही वही काढली. घरात पाच माणसे. हिवाळ्यात रोज साठ लिटर पाणी तापते. लिटरला अर्धा ग्रॅम धरला तर रोजचे तीस ग्रॅम झाले. चार महिन्यांत तीन किलो सहाशे ग्रॅम क्षार त्या लहानशा गिझरमधून गेले! सगळेच आत बसत नाहीत, बरेचसे पाण्याबरोबर निघून जातात. पण त्यातले थोडे बसले तरी काम होते.

कूलरचा हिशेब याहून वाईट. उन्हाळ्यात कूलर रोज तीस लिटर पाणी उडवतो असे धरा. हवेत जाते ते नुसते पाणी. क्षार सगळे मागे, टाकीत आणि गवताच्या जाळ्यांवर. दोन महिन्यांत जवळजवळ नऊशे ग्रॅम! जाळ्या दगडासारख्या होतात, हवा येत नाही, पंप अडकतो. आपण वर पाणी ओततच राहतो आणि म्हणतो, कंपनी फसवी निघाली.

वॉशिंग मशीनच्या पाणी येण्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती याच क्षारांनी बुजते. तुरीची डाळ शिजत नाही म्हणून सुनेला बोल लागतात. त्याचेही कारण पुष्कळदा हेच. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते आणि डाळ मऊ होत नाही. गॅस जास्त, वेळ जास्त आणि बोलणी वेगळी. साबण, गॅस, वीज, कॉइल, पंप यांची बेरीज आम्ही एका वर्षापुरती केली, तेव्हा कळले की हा कर आहे. पावती न देता घेतलेला. ज्याच्या घरी पैसा आहे तो मीठ घालून चालणारे पाणी मऊ करण्याचे यंत्र बसवतो आणि मोकळा होतो. हप्त्यावर वस्तू घेणाऱ्याला हा कर पुरा भरावा लागतो.

बंधू-भगिनींनो, कोणी म्हणेल, पाणी मिळते हेच पुष्कळ, आता त्याच्या गुणाची चौकशी कशाला? १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव हातपंप आले, तेव्हा आपल्या आयांना कोणाच्या विहिरीवर ताटकळत उभे राहण्यातून सुटका मिळाली. त्या पिढीने गुण विचारला नाही, ते साहजिकच होते. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या समाजाची आपण लेकरे आहोत. ते पाणी काही तहानेपुरते नव्हते, माणूस म्हणून इतरांच्या बरोबरीचे मिळावे यासाठी होते. मग शहराच्या एका भागाला धरणाचे पाणी किती दिवस आणि आपल्या वस्तीला किती दिवस, हे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे.

आम्ही घरात काय बदल केले ते सांगतो. पहिली गोष्ट, पाण्याची दोन खाती केली. धरणाचे पाणी येते त्या दिवशी झाकणाचे दोन पिंप भरून ठेवतो. स्वयंपाक आणि कूलर त्यावर चालतात, आणि डाळ त्यातच शिजते. लादी, संडास, झाडे यांना बोअरचे पाणी. गिझरला मात्र टाकीचेच पाणी जाते, म्हणून त्याचे तापमान पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवतो, कारण पाणी जितके जास्त तापते तितका थर जास्त बसतो. दरवर्षी दिवाळीआधी मिस्त्रीकडून टाकी आणि कॉइल साफ करून घेतो, आत मॅग्नेशियमची कांडी असते तीही तपासून घेतो. त्याची मजुरी नव्या कॉइलपेक्षा कमीच पडते.

पाण्यात सोडायचा हीटर असेल तर प्लग काढून, तो पूर्ण गार झाल्यावरच पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवावा. प्लग लावलेला असताना पाण्याला हात लावू नये. स्टीलच्या भांड्यात चमचाभर लिंबूसत्व घालून पाणी उकळले की थर सुटतो. अॅल्युमिनियमचे भांडे आंबट पाण्यात फार वेळ ठेवू नये. संडासाचे अॅसिड या कामाला वापरू नये, आणि कोणतेही अॅसिड ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नये. विषारी वायू होतो.

कपड्यांसाठी धुण्याचा सोडा चांगला. आमच्यासारखे पाणी असेल तर दहा लिटरच्या बादलीत लहान चमचाभर सोडा आधी विरघळवावा, थोडे थांबावे आणि मग साबण वापरावा. लोकरी व रेशमी कपड्यांना तो लावू नये, हातही नंतर स्वच्छ धुवावेत. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जात नाही. हा आमचाही गैरसमज होता.

पावसाळ्यात मात्र फुकटचे मऊ पाणी डोक्यावरून वाहून जाते. दोनशे चौरस फुटांच्या पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर साडेतीनशे लिटरच्या वर पाणी उतरते. पहिल्या पावसाचे पाणी जाऊ द्यावे, मग पन्हाळीखाली कापड बांधून पिंप लावावे. धुण्याला त्याच्यासारखे पाणी नाही.

एका फसवणुकीबद्दल सावध करतो. फिल्टर विकणारे दारात येतात, तुमच्या पाण्याच्या पेल्यात विजेच्या दोन कांड्या सोडतात आणि पाणी तपकिरी, गढूळ होते. "बघा, काय पिता तुम्ही!" आमच्या वस्तीतल्या तीन घरांनी घाबरून कर्ज काढले. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. कांडीचे लोखंडच विजेने झिजून पाण्यात उतरते. त्यांच्या फिल्टरच्या पाण्यात क्षार नसल्याने त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते पांढरे राहते. पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. म्हणून भिऊन कर्ज काढू नका. मात्र फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांची गोष्ट निराळी, ते आरोग्याला खरोखरच घातक आहेत आणि नुसते पाहून कळत नाहीत. तपासणी हवी ती त्यासाठी. खेड्यांत २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली गावातल्या महिलांना पाणी तपासण्याचे संच आणि शिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या ग्रामपंचायतीत तो संच कोठे आहे, कपाटात की वापरात, हे आपल्या भगिनींनी जाऊन विचारावे.

आम्ही विहारात रविवारी सगळ्यांसमोर एक साधा प्रयोग केला. दोन सारख्या बाटल्या घेतल्या, एकीत साठवलेले पावसाचे पाणी, दुसरीत टाकीचे. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकला आणि हलवले. पावसाच्या पाण्यावर बोटभर फेस उभा राहिला. टाकीच्या पाण्यात दुधासारखा गढूळ साका झाला. मागे बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यातल्या कितीतरी आजही दुसऱ्यांच्या घरी भांडी घासतात. एक म्हणाली, "ही बाटली आमच्या बाईला दाखवायला नेऊ का?" ती घेऊन गेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही नगर परिषदेत अर्ज दिला : वस्तीला धरणाचे पाणी कोणत्या दिवशी येणार त्याचे वेळापत्रक लावावे, आणि टाकीच्या पाण्याचा तपासणी अहवाल दर सहा महिन्यांनी वस्तीच्या फलकावर लावावा. अर्जावर एकशे बारा सह्या आहेत. पहिली सही आमच्या आईची. साक्षरता वर्गात शिकलेली, वाकडी, पण स्वतःच्या हाताची.

त्या मालकीणबाई आता हयात नाहीत. आईचे पाच रुपये कोणत्याच वहीत परत येणार नाहीत. पण ती खपली आईने फेकू दिली नाही. काडेपेटीत घालून देवळीत ठेवली आहे. कोणी आले की दाखवते आणि म्हणते, "हात माझा सोच्छ व्हता."

पत्नीची आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या. कूलरची टाकी दर आठवड्याला कोण रिकामी करणार ते सांगा." तेव्हापासून उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी ते काम आमच्याकडे असते. टाकी कलंडून तळाचा पांढरा साका घासताना कळते की, घासूनही डाग राहतो तेव्हा माणसाला कसे वाटत असेल.